येऊ द्या

पेरूला चाललेय म्हटल्यावर
कोपऱ्यावरचे शेवाळे म्हणाले,
बाई, त्यासाठी विमान कशाला?
सकाळीच सासवडचे आलेत, आतून गुलाबी.

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला.
फळ्यावर अँडीज काढायला घेतला की
तपकिरी खडू निम्म्यात संपायचा,
खालचा पर्वत मी पांढऱ्याने पुरा करायची.
पोरींनी तसाच वहीत उतरवला.
तपासणाऱ्यांना बर्फ वाटला असेल.

सहलवाल्यांनी आडनाव बघून खोली दिली.
दोघी फडतरे : मी, आणि प्रमिला, माझी नणंद.
तिने लग्न केलं नाही, आडनाव तेच राहिलं.
सहकारनगरच्या फ्लॅटपासून नऊ वर्षं
आमच्यात अवाक्षर नाही.
विमानात मधली खुर्ची रिकामी,
तिच्यावर दोघींच्या शाली.

गाडी पहाटेची. डबे पाच.
साडेतीन सिंहगड एकावर एक ठेवले
तर जिथे टोक येईल, तिथवर जाणारी.
डोंगर इतका उभा की वळायला जागा नाही;
मग गाडी एका फाट्यात शिरते, थांबते,
रूळ बदलतो,
आणि शेवटचा डबा पहिला होऊन वर चढू लागतो.
पुढच्या फाट्याला पुन्हा उलट.
धावदोरा नव्हे, उलटी टीप.

दर फाट्याला एक माणूस उडी टाकून उतरायचा.
विणलेली कानटोपी, हातात हिरवं फडकं,
दरीच्या कडेने चालत काहीतरी ओरडायचा.
भाषा त्याची. मला मात्र स्वच्छ ऐकू आलं
स्वारगेट डेपोतलं,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...
बास!
खिडकीखाली नदी, सुईत ओवता येईल एवढी.

सातव्या की आठव्या फाट्यानंतर दरड.
एक धोंडा आमच्या स्वयंपाकघराएवढा,
बाकी बारीकसारीक.
मागे बोगद्याच्या तोंडाशीही माती बसलेली.
प्रमिलाचे ओठ जांभळे.
समोरच्या बाकावरची दोन वेण्यांची म्हातारी उठली,
कनवटीतून वाळका पाला काढून
तिच्या गालात कोंबला.
तंबाखूसारखा धरून ठेव, मी म्हणाले.
नऊ वर्षांनी बोलले ते हे.

ती म्हणाली, मी मेले तर फ्लॅट तुझा.
तिथली लिफ्ट बंद असते, मला नको.
ती हसायला लागली, आणि हसायला हवा पुरेना.
तेव्हा मी घाबरले.

मग पुरुष उतरले, बायका उतरल्या, मीही.
दगड हातोहात जायला लागले.
दहा पावलं, की छातीत ढोल.
माझ्या हातात एक आला चपटा,
त्यावर शिंपल्याचा ठसा, नखाएवढा,
पन्हळ न् पन्हळ दिसणारा.
वली पर्वत : समुद्रतळाच्या गाळाला वळ्या पडून.
दोन गुणांचा प्रश्न. दरवर्षी विचारायची.
मागचा माणूस हात पुढे करून थांबलेला,
मी दगड दिलाच नाही.

धोंडा पहारींनी दरीत लोटला.
आवाज यायला इतका वेळ लागला
की लोक ऐकायचं सोडून चहाकडे वळले.

अंधार पडता पडता वर पोचलो.
पाटीवरची उंची वाचवली नाही,
चष्म्यावर वाफ.
प्रमिला माझ्या खांद्यावर झोपलेली, तोंड उघडं,
गालात पाला.

पुण्यात आल्यावर बोलणं फार वाढलं
असं काही नाही.
दगड सहकारनगरला आहे,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

काल दोघी भोरला निघालो.
स्वारगेटला एसटी मागे घेताना
कंडक्टर पत्र्यावर थाप मारत ओरडला,
येऊ द्या, येऊ द्या...
प्रमिलाने खिडकीबाहेर बघतच
माझं मनगट घट्ट धरलं.
मागे फक्त रसवंतीची भिंत होती.