पन्नासावरून अडतीस

रात्रपाळी नसली की मी वेग कमी करत बसतो.
तसं पगाराचं कामही तेच :
मालगाडीच्या इंजिनात दुसऱ्या खुर्चीवर बसून
सिग्नल मोठ्यानं वाचायचे,
आणि सतर्कता आदेशात जिथं लिहिलंय तिथं
भिरूडसाहेबांना आठवण द्यायची,
पूल आला, वीसनं.

घरी पडद्यावर मात्र सगळे मोकाट.
विंगवरचा तो तांबड्या केसांचा
शहाऐंशीव्या मिनिटाला
पहिल्या मिनिटासारखाच सुटतो.
धाप नाही. शर्टाची इस्तरी मोडत नाही.

हुसेन तडवी सावद्याहून जेवायला आला होता,
दिवसभर केळीच्या गाड्या भरून.
भरताचा घास हातातच धरून बघत राहिला.
म्हणाला, "हे पयतात का उडतात भो?"

तेव्हापासून मागं लागलोय.
धावण्याचा वेग पन्नास होता, पंचेचाळीस केला.
काही फरक नाही.
चाळीस केला, तर माणसं जागेवर आली
पण चेंडू पुढं पळायला लागला
बिनतिकिटाचा असल्यासारखा.
मग त्यालाही आवरलं.
पास चुकण्याचं प्रमाण वाढवलं,
कारण चुकायला तर हवंच.
दमणं सत्तरवर नेलं.
एकदा चुकून बत्तीसवर गेलो
आणि बावीसच्या बावीस जण
पंगतीवरून उठलेल्या वऱ्हाडासारखे
हात पुसत चालायला लागले.

शेवटी अडतीस.

अडतीसला मला आमचं रेल्वेचं मैदान दिसतं,
मे महिना, दुपारचे चार,
काळ्या मातीला बोटभर भेगा.
गोलात एडविन, कमरेला रुमालात कांदा बांधून.
ऊन बाधू नये म्हणून त्याची आई बांधायची.
त्यानं झेप घेतली की कांदा चेचायचा
आणि पेनल्टीच्या चौकटीत
चिवड्याच्या गाडीसारखा वास सुटायचा.
याचा आकडा मेनूत नाही. मी शोधला.

हुसेन उजवा बॅक.
त्याला जीव तोडून पळताना मी दोनदाच पाहिलं :
एकदा दीपनगरच्या मॅचला,
एकदा मैदानात शिरलेल्या म्हशीमागं.
एरवी तो नुसता उभा असायचा,
आणि चेंडू तिथंच यायचा.
कसा, ते आम्ही विचारलं नाही.
जिल्ह्याच्या निवडीला जळगावचे लोक
स्टॉपवॉच घेऊन आले.
शंभर मीटर.
हुसेन नववा आला, नऊ जणांत.

परवा पुन्हा आला तेव्हा मी काही बोललो नाही.
रिमोट त्याच्या हातात दिला.
त्याच्या संघात उजवा बॅक असा निवडून ठेवला होता
की ज्याच्या नावापुढं वेग : एकेचाळीस.
पहिली वीस मिनिटं तो बटणंच चाचपत होता.
अंगठे घड वाहून राठ झालेले,
दोन बटणं एकदम दाबली जायची.

मग तांबड्या केसांचा सुटला, रेषेला धरून.
मीच सोडला होता त्याला.
हुसेननं बॅकला पळवला नाही.
तीन पावलं मागं घेतला,
एक आत,
आणि थांबवला.

चेंडू तिथंच आला.

हुसेन काही म्हणाला नाही.
मांडी बदलून बसला, पंखा मोठा करायला सांगितला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"हां. आता लागला खेय."

दीड वाजला. शून्य-शून्य.
ऐंशीव्या मिनिटाला बावीस जणांचे
गुडघ्यांवर हात.
मध्यात कोणीतरी चेंडू उगाच बाहेर घालवला,
दम खायला,
आणि आम्ही दोघं हसलो,
कारण हे एडविननं शिकवलं होतं.

फोन वाजला, पावणेचारची गाडी, हजर व्हा.
मी बूट शोधत होतो.
पडदा विचारत होता, बदल जतन करायचे का.
"थांब," हुसेन म्हणाला,
"अजून एक कमी करून पाह्य."

सदतीस?

"पाह्य तर."