लॅगिंग

डिसेंबरात छत गळतं म्हटल्यावर
फेकरीत कोण विश्वास ठेवणार?
पत्रे दोनदा बदलले, एम-सीलचे गोळे थापले,
तरी बाथरूमच्या दारावर, पीओपीला
तो पिवळा डाग रोज सकाळी ओला.

"पाणी वरचं नाई भो," गफूर तडवी म्हणाला,
अर्धा माळ्यात, पाय अजून शिडीवर.
"तुमचंच हाय. अंघोळीचं."

मी बॅटरी धरून त्याच्यामागे सरपटलो.
वर पत्रा, खाली पीओपी, मधे दीड हात काळोख
आणि त्यातून उघडाच गेलेला एक्झॉस्टचा पाइप.
पहाटे पत्र्यावर बोट ठेवलं
तर हाडापर्यंत कळतं.
आमची वाफ निम्म्या वाटेतच दमते,
थेंब होते,
माघारी येते.

बावीस वर्षं तो दीपनगरला, ठेकेदाराकडे,
वाफेच्या नळ्यांना काचेची लोकर गुंडाळायचा.
कवेत मावणार नाहीत एवढ्या नळ्या.
आत पाचशे डिग्री,
आणि बाहेरून हात ठेवला तर
झोपलेल्या गाईच्या पोटाइतकं ऊन.
मुकादम तसाच हात ठेवून पास करायचा.

"हे तर लेकरू," त्यानं पाइपला थोपटलं.
थंडीत केळीच्या घडाला पिशवी घालतात
तशी आधी लोकर चढवली,
मग चंदेरी पट्टी, दातांनी तोडून,
वेढ्यावर वेढा, वळणावर दुप्पट.
शेवटी माझ्याकडून दोन विटा मागून घेतल्या
न् पंख्याकडची बाजू उचलली.
"उतार बाहेर पाहिजे. थेंब झालाच,
तर गल्लीत पडू दे."

खाली उतरला तेव्हा कोपरापर्यंत चकाकत होता.
"खाजवू नका," म्हणाला. मलाच.
रत्नप्रभानं गीझर लावला.
त्यानं हात आडवा केला:
"गरम पाण्यानं कातडी उघडते, वहिनी,
काच आत जाते. थंडच द्या."

मग परसात, हौदाच्या कडेला,
सातपुड्याकडून वारा सुटलेला असताना
त्यानं बादली खांद्यांवर उपडी केली,
एक, आणि लगेच दुसरी.
पाठीतून वाफ निघाली,
सरळ वर गेली.
टॉवेल घेऊन आम्ही दोघं नुसते उभे.

डाग अजून आहे. रंगवायचा राहिलाय.
रोज दात घासताना मी मान वर करतो,
स्टुलावर चढून
तळवा टेकवून बघतो.
पास.