पंधरा सेकंद

लिफ्टमध्ये नाणं टाकून मी सातव्या मजल्यावर पोचलो,
पिशवीत दोन केबली आणि एक चपटा पेचकस.
त्सिआलाबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या,
"टीव्ही नवा आहे, लॅपटॉप नातीचा,
आणि माझा नवरा लंगडतोय."

पडद्यावर रिओनीवरचा पूल, कठड्याला मळकं बर्फ.
टोपी काखेत मारून एलिझबार चालत येत होता,
एक पाऊल लांब, एक आखूड,
मध्येच जागेवर खिळल्यासारखा, मग पुन्हा.
"तो कधी लंगडला नाही.
फिल्म मीच काढली होती, यंत्रही चाळीस वर्षं मीच चालवलं,
जिथं आता सोफे विकतात त्या थिएटरात.
माझ्या डोळ्याला शिकवू नका."

मी शिकवलं नाही. केबल बदलली.
टीव्हीच्या मागे मान घालून
तीन नंबरची खोबण सोडून एक नंबरची धरली.
तीसवर अडकलेलं साठवर आलं,
बाण काचेवर लोण्यासारखा फिरू लागला.
खुशीत मागे वळलो.
एलिझबार लंगडतच होता.

"साठ?" बाई पहिल्यांदाच हसल्या.
"फिल्म चोवीसची. साठाला चोवीसनं भाग जातो का?
एका चित्राला दोन ठोके, पुढच्याला तीन,"
आणि बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं,
दोन, तीन, दोन, तीन,
ताटलीतली अक्रोडाची टरफलं उडत होती.
"असं चालायला लावलं तर कोणीही लंगडेल."

कुतैसीत अकरा वर्षं मी हीच कामं करतोय.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

यादी उघडली. साठ, एकोणसाठ, पन्नास, तीस,
पार तळाशी चोवीस.
दाबलं आणि पडदा काळा झाला.
काळ्या काचेत आम्ही दोघं:
मी गुडघ्यांवर, त्या खुर्चीची पाठ धरून.

मग पूल आला.
बाण आता बेडकासारखा उड्या मारत होता,
पण एलिझबार सरळ आला,
कॅमेऱ्यापाशी थांबला, काहीतरी बोलला. आवाज नाही.

कोपऱ्यात चौकट: हे बदल ठेवायचे?
पंधरा. चौदा.
"दाबा," मी म्हणालो. माउस त्यांच्याच हाताखाली होता.
नऊ.
"बाई, दाबा, नाहीतर ते आपोआप जुन्यावर जातं."
त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या.
दोन. एक.
पुन्हा अंधार, पुन्हा साठ, पुन्हा तो पाय ओढत.

"परत," त्या म्हणाल्या.
मी परत चोवीस केलं. परत त्यांनी दाबलं नाही.
तिसऱ्यांदा मीच हात लांब करून दाबलं
आणि उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

पैशांबरोबर त्यांनी लिफ्टचं नाणंही दिलं.
उतरताना लागत नाही, हे त्यांना माहीत असणारच.
मी जिन्यानं गेलो.
पाचव्या मजल्यापर्यंत पायऱ्या पडत होत्या
दोन, तीन, दोन.