निम्मं वजन

शुक्रवारपर्यंत कळवा, असं पत्रात आहे.
गंगटोक. रोपवेची देखभाल, राहायला क्वार्टर,
थंडीचा भत्ता वेगळा.
चार दिवस ते ग्रीसच्या डब्याखाली ठेवलं होतं,
आता त्यावर एक तेलकट गोल उमटलाय,
नेमका 'रुजू व्हावे' याच्याभोवती.

एकवीस वर्षं मी या शहरात माणसं वर नेतो.
नेत नाही म्हणा, नेणारं यंत्र चालू ठेवतो.
ग्रँट रोडची जाळीच्या दाराची,
लालबागच्या टॉवरमधली, जी बोलते,
भायखळ्याच्या नर्सिंग होममधली,
जिच्यात स्ट्रेचर तिरकं घालावं लागतं.
स्वतः राहतो घोडपदेवला. तळमजल्यावर.

लोकांना वाटतं, मोटर ओढते सगळं.
तसं नसतं. मागच्या भिंतीला लागून, अंधारात
एक लोखंडी वजन असतं दोराच्या दुसऱ्या टोकाला.
आपण वर निघालो की ते खाली निघतं.
कोणी त्याला बघत नाही.
तीन महिन्यांतून एकदा मी बघतो, टॉर्च मारून.
त्याचा हिशेब ठरलेला:
रिकाम्या डब्याचं सगळं वजन
आणि माणसांचं निम्मं.
पुरतं तोलायचं नसतंच.

शर्मिष्ठाला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती.
पालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स आहे,
पेन्शनला नऊ वर्षं कमी.
'तिकडे भात शिजायला वेळ लागतो म्हणे,'
एवढंच बोलली.
रात्री पंख्याकडे बघत:
'बाळं काय, तिकडेही होतच असतील.'
हे हो होतं की नाही, कळलं नाही.
विचारलं असतं तर कळलं असतं.
मी कुशीवर वळलो.

अण्णांनी केतकीचा शाळेचा नकाशा मागवला.
बोट ठेवलं गंगटोकवर
आणि तिथून सरकवत राहिले, सरकवत राहिले,
निळं लागेपर्यंत.
'तुझे आजोबा देवगडाहून बोटीत चढले
तेव्हा त्यांना कुणी नकाशा दाखवला नव्हता,'
म्हणाले. मला वाटलं, झालं, परवानगी मिळाली.
मग नकाशाची घडी घालताना,
'आणि ओले बोंबील कोण धाडणार तुला? पोस्टमन?'

केतकीने मोबाइलवर रोपवे दाखवला.
डबा ढगात शिरतो
आणि दोर तेवढा दिसत राहतो, हलणारा.
तिला भारी वाटलं. तिने तीनदा पाहिलं.
मी पुली बघत होतो.

आज गुरुवार. दुपारी फोन: ग्रँट रोडची अडकली,
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये,
आत खोरशेदबाई.
शहाऐंशी वर्षांच्या, भिजल्या तरी चाळीस किलो.
गच्चीवरच्या खोलीत गेलो, वीज बंद केली,
चाकाला हात लावला.
नव्या पोराला हे पहिल्या दिवशी शिकवतो मी:
आत एकटं माणूस असेल, तर ब्रेक हळूच सोड,
ढकलायला जाऊ नकोस.
डबा हलका, पलीकडचं जड,
तो आपणहून वर येतो.
खाली आणायचा तर खांदे भरून येतात.

सोडला. आला. कुरकुरत, वीतभर वीतभर.
मधे एकदा थांबवला
आणि उगाच धरून ठेवला जरा वेळ,
ब्रेकवर माझा हात,
खालून त्यांच्या पर्समधल्या किल्ल्यांचा आवाज.
मग पुन्हा सोडला.

जाळी उघडली तर बाई चिडलेल्या.
'वर कशाला आणला रे मला?
मला तर खाली जायचा होता. बँक बंद होईल.'

हात धरून चौथ्या मजल्यावर उतरवलं त्यांना.
म्हटलं, बाई, आधी वरच यावं लागतं.
मग जिना आहेच.

एकेक पायरी उतरलो आम्ही. त्र्याऐंशी.
खिशात पत्र होतं.
त्यांनी सगळा भार माझ्यावर नाही टाकला,
थोडा कठड्यावर.