चौदावी फ्रेम

जांबोटीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत,
मष्णू गुरवाच्या काजूच्या बागेत
तिपाईवर दुर्बीण चढवलीय.
तिचा मधला दांडा मीच कातला, उद्यमबागेत, लेथवर,
शनिवारी सुट्टी झाल्यावर, मालकाला न सांगता.
एक सूत जाड झाला. चालतंय.

आश्लेषाच्या डोक्यापासून जरा वर
एक बिंबाभ्रिका आहे, यादीत एकतिसावी.
चंद्राच्या अर्ध्याहून रुंद,
आणि तरी नुसत्या डोळ्याला तिथं काळोखच.
नावात बिंब, बिंबाचा पत्ता नाही.
एक तारा म्हातारा झाला
आणि अंगावरचं एकेक उतरवून ठेवत गेला,
कुणी बघत नसल्यासारखा.

दहा दहा मिनिटांची एकेक फ्रेम.
दहा मिनिटं केवढी असतात ते इथं कळलं.
गवे ओढा ओलांडतात, एक वासरू मागं राहतं,
त्याच्यासाठी सगळा कळप थांबतो, परत चालू लागतो,
आणि शटर अजून उघडंच.
उत्तरेला बेळगावचा उजेड
उतू जाणाऱ्या दुधासारखा झाडांच्या वर आलेला.
बसलिंग हुद्दार गाडीत घोरतो.
दिवसा आम्ही दोघं एकाच मशीनवर;
तो कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत,
जॉब मात्र एकाच मापाचा निघतो,
किंवा दोघांचाही रिजेक्ट.

पडद्यावर येते ती करडी, दाणेदार राख,
साचा फोडल्यावर फौंड्रीच्या जमिनीवर पडते तशी वाळू.
मष्णू घोंगडं घेऊन येतो, वाकतो.
"काय हाय रं ह्यात?"
गाडीतून बसलिंग, डोळे न उघडता:
"एनू काणंगिल्ल."
"मग बघालाय काय?"
मी म्हटलं, हेच बघालोय.

चौदावी फ्रेम चालू असताना, पावणेदोनला,
थ्री फेज आली.
पंपघरावरचा बल्ब भप्पकन पेटला,
काजूची पानं खालून पिवळी झाली,
दुर्बिणीच्या नळीवर माझी सावली पडली.
दोन हजार वर्षं चालत आलेला उजेड
आणि चाळीस वॅटचा.
मी एक शिवी दिली. मोठ्यानं दिली असणार,
कारण मष्णू काही न बोलता पंप सुरू करायला गेला,
आणि पाटात पाणी येईपर्यंत
त्या बाजूनं नुसता खोकला ऐकू येत राहिला.

पुढच्या अमावास्येला गेलो तेव्हा
पंपघरावरचं होल्डर मोकळं होतं.
बल्ब मष्णूच्या सदऱ्याच्या खिशात,
फडक्यात गुंडाळून, अंड्यासारखा.
वीज आली तसा तो अंधारातच उठला,
चाचपत स्टार्टरपर्यंत गेला,
बोटांनी हिरवं बटण ओळखलं.
त्या रात्री सव्वीस फ्रेमा. एकही वाया नाही.

घरी सगळ्या एकावर एक रचल्या,
राख राखेवर, दाणा दाण्यावर,
जिथं काही नव्हतं ते आपसात खोडलं गेलं
आणि जे होतं ते राहिलं:
एक निळसर गोल, कडेला तांबूस,
दक्षिणेकडं जरा चेपलेला.
मधोमध तो तारा, टाचणीच्या टोकाएवढा,
उघडा.

फोटो मष्णूला दाखवला.
त्यानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला,
म्हणाला, "भाकरीचा पापुद्रा सुटलाय न्हवं हा?"
मी व्हय म्हटलं.
"आन् खालची भाकरी?"
मधल्या टिंबावर मी बोट ठेवलं,
तर बोटाखाली ते टिंबच झाकलं गेलं.

तांबूस कड अजून दाणेदार आहे.
आणखी चारेक तास लागतील.
बुधवारी अमावास्या. बसलिंगची नाईट शिफ्ट आहे,
तो म्हणतो, बदलून घेतो.