एक गरी कमी

वर्षातून एकदा शटर आतून ओढून
आम्ही सगळं मोजतो.
बाहेर उम्म-अल-कुवैनची दमट रात्र,
काचेला घाम, एसीला खोकला,
आणि बशीरभाई रजिस्टर मांडीवर घेऊन
अर्ध्या मल्याळममध्ये ओरडतो :
रॉड, सात फुटी, कार्बन?
— बावीस.
रीळ, जपानी, चार हजारवालं?
— नऊ. एकाचं हँडल ढिलं.
लिही, ढिलं.

नऊशे दिरहमची काठी हातात आली
की अजून हसू येतं.
आमची काठी चिवारीची,
भोयांच्या बेटातून अंधारात कापलेली,
चुलीवरच्या धुरात आठवडाभर सरळ केलेली,
तरी टोकाला जराशी वाकडीच,
आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांसारखी.
बूच पांगाऱ्याचं.
शिसं एसटी डेपोमागच्या मेलेल्या बॅटरीतलं,
डालड्याच्या झाकणात वितळवलेलं.
तंगूस तेवढा विकतचा,
दुकानदार स्वतःच्या आखूड हातांनी वाव मोजायचा.

आणि गरी
माझ्याकडे नव्हतीच.
गरी होती इस्माईल मुकादमची.
मामानं कुवेतहून आणलेली,
सिगारेटच्या चांदीत गुंडाळून
तो ती शर्टाच्या आत, ताविजाशेजारी बाळगायचा.
एका सुकतीला मला दिली.
त्याला मदरशात जायचं होतं.
मगरिबपर्यंत, म्हणाला,
आणि वळून दोनदा बघितलं. माझ्याकडे नाही,
तिच्याकडे.

खडपात अडकली.
डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली,
मग कमरेइतक्या पाण्यात उतरून पायानं चाचपली,
कालवांनी पोटरी फाडली.
भरती चढायला लागली तेव्हा
तंगूस दातांनी तोडला.

तांबोसा होता, मी सांगितलं, एवढा!
हात पसरले, पसरू शकत होते तेवढे.
इस्माईल त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, इतका नसंल.
थोडा कमी कर.

बशीरभाई खाली वाकून तारेचे गरगूर मोजतोय.
इथे गरीला मैदार म्हणतात, खाडीला खोर.
शुक्रवारी सिल्हेटचा एक गवंडी येतो,
रॉडच्या भिंतीकडे बघतही नाही,
पाच दिरहमचा दोरा घेतो,
पेप्सीच्या डब्यावर गुंडाळतो
आणि धक्क्यावर बसून तर्जनीवरून सोडतो.
मासा आधी त्या बोटाला कळतो.
मीही एकदा स्टाफ-डिस्काउंटचा रॉड घेऊन
त्याच्या बाजूला बसलो होतो.
मासा लागला, टोक वाकलं, घंटी वाजली,
सगळ्या धक्क्याला कळलं.
मला शेवटी.

इस्माईल सोहारला ट्रेलर चालवायचा,
आता चिपळूणला आहे, गुडघे गेलेत.
ईदला मी मेसेज टाकतो,
दिवाळीला तो.
गरीचं कुणी काढत नाही.

हुक, आठ नंबर, पन्नासचं पाकीट, उघडं?
— एकोणपन्नास.
पुन्हा मोज.
मोजतो. चुंबकाच्या बशीत
त्या एकमेकींना धरून बसतात,
एकेक सोडवावी लागते.
एकोणपन्नास.
रात्रीचे दोन वाजलेत, बशीरभाईच्या चहावर साय.
डॅमेजमध्ये टाक, तो म्हणतो, एका हुकसाठी कोण रडतो.

मी रजिस्टर ओढून घेतो.
कारणाच्या रकान्यात मराठीत लिहितो :
खडपात अडकली.
मालकाला वाचता येत नाही, बशीरभाईलाही नाही.
काय लिहिलंस?
मोठा मासा होता, मी सांगतो.
केवढा?

हात वर येतात, सवयीनं.
मी ते थोडे जवळ आणतो.