महिनावार, लिटरमध्ये

अर्जाच्या तिसऱ्या पानावर
डॅरिया होलोविच अडली.
"गेल्या बारा महिन्यांत इमारतीनं
किती गरम पाणी वापरलं,
महिनावार, लिटरमध्ये लिहा."

वृद्धनिवासाच्या अठ्ठेचाळीस खाटा तिला तोंडपाठ.
छताची लांबी-रुंदी, गॅसची बिलं,
दक्षिणेला एकही झाड नाही, हेसुद्धा.
(झाड नसण्याचा
सस्कॅचवनमध्ये हा पहिलाच फायदा.)
पण पाणी कोण मोजतं?
पाणी येतं, नाहीतर येत नाही.

सरकार खर्चाचा चौथा हिस्सा देणार होतं.
मंजुरीआधी एक खिळा ठोकलात, तर काही नाही.
मंजुरीनंतर अठरा महिन्यांत उरकलं नाहीत, तरी काही नाही.
घरगुती छपरांनी रांगेत उभं राहू नये.
फक्त मोठ्या इमारती: शाळा, इस्पितळं,
हॉटेलं, धुलाईखाने,
जिथे रोज कुणी अनोळखी माणूस
कुणीतरी तापवलेल्या पाण्यानं अंग धुतो.
हे शेवटचं अर्जात नव्हतं.
डॅरियानं ते मनातल्या मनात भरलं.

तळघरात एल्डन क्रूकशँक.
बॉयलरशी तेवीस वर्षांचा संसार.
त्याला कुणी काही बोललं नव्हतं,
पण छतावर टेप घेऊन फिरणारे पाहून
तो समजायचं ते समजला होता.
डॅरिया जिना उतरली
तेव्हा त्यानं मान वर न करताच विचारलं,
"उणे एकतीसला तुझा सूर्य काय करणार?"
"चमकणार. उणे एकतीसलाच तर इथे
आभाळ लख्ख असतं."
"चमकणं वेगळं," तो म्हणाला.

मग दोघंही बॉयलरची घरघर ऐकत बसली.

बऱ्याच वेळानं त्यानं कपाटातून
बियाण्याच्या दुकानाची जुनी कॅलेंडरं काढली.
तेवीस. पाठकोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीनं
रोजचं मीटर, सकाळचं, रात्रीचं,
आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरात शेरे:
"खोली चौदा. पाणी कोमट. स्टेफानिया ओरडली."
"खोली नऊ रिकामी. आजपासून चाळीस लिटर कमी."
"नाताळ. सगळ्यांच्या आंघोळी."
"खोली नऊ भरली."

"हे लिहायला कुणी सांगितलं होतं?"
"कुणी नाही. रात्रपाळी लांब असते."

डॅरियानं आकडे उतरवून घेतले.
शेऱ्यांसाठी रकाना नव्हता.

सात महिन्यांनी पत्र आलं.
रक्कम मागितल्याहून थोडी कमी,
कारण दूर राजधानीत कुणीतरी
छताचा एक कोपरा सावलीत धरला होता.
सावली बॉयलरच्याच धुराड्याची.
एल्डन आठवडाभर धुमसत राहिला:
"दुपारी दोनला तिथे सावली नसते.
मी उभा राहून सिगरेट ओढतो तिथे.
विचारायचं होतं मला."
आता तो कुणाच्या बाजूनं भांडतोय,
हे डॅरियानं त्याला विचारलं नाही.

फेब्रुवारी. छतावर काचेच्या नळ्यांच्या तिरप्या ओळी,
वाऱ्यानं बर्फ झाडून नेलेल्या.
अकराच्या सुमारास
तळघरात बॉयलर आपोआप थांबला.
एल्डन सवयीनं पाना घेऊन धावला.
बिघाड नव्हता. गरज नव्हती.
त्या शांततेत त्याला पहिल्यांदाच
डोक्यावरच्या मजल्यावरची पावलं ऐकू आली:
वॉकरची टकटक, एक घसटती चप्पल,
कुणीतरी कुणालातरी नाव घेऊन बोलावत होतं.
तो पाना हातात धरून ऐकत राहिला.

खोली चौदात स्टेफानिया ओलेक्सिननं,
वय एक्क्याण्णव,
परिचारिकेच्या हातातला मग ढकलला.
तिचा आवाज जिन्यावरून खाली आला.

एल्डननं चोविसावं कॅलेंडर उलटं केलं,
पेन्सिलीला थुंकी लावली:
"अकरा तारीख. लख्ख. उणे अठ्ठावीस.
खोली चौदा, तक्रार.
पाणी फार ऊन."